उभ्या ट्रकची वीज

१९५५ सालच्या मार्च महिन्यात शेव्हरोले कंपनीने आपले पिकअप ट्रक नव्या रूपात बाजारात आणले. बॉडी नवी, या ट्रकांत पहिल्यांदाच व्ही-८ इंजिनाची सोय, आणि ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी. त्यातला अर्ध्या टनाचा ३१०० हा पिकअप आज जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा फार लाडका आहे. या ट्रकात एवढे सगळे बदलले, पण वीज तयार करणारे यंत्र मात्र पूर्वीच्याच जातीचे राहिले. अमेरिकेत त्याला जनरेटर म्हणतात. आपल्या गॅरेजांत त्याला डायनामो म्हणतात आणि इथे तेच नाव वापरलेले बरे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवरून डायनामो जाऊन सरसकट अल्टरनेटर आला तो १९६३च्या मॉडेलांपासून. त्याआधीच्या ट्रकाच्या मालकापुढे एक प्रश्न हमखास येतो: डायनामो उतरवून अल्टरनेटर चढवावा की नाही? माझे उत्तर असे, की ट्रक रस्त्यावर चालवायचा असेल तर जरूर चढवावा. मात्र त्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण, म्हणजे अल्टरनेटर जास्त वीज देतो, हे मला पुरेसे वाटत नाही. त्या एका कारणावर विसंबून केलेले काम बहुधा बिघडते. ट्रक उभा असताना, इंजिन आयडलवर फिरत असताना, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, हे खरे कारण. ते नीट ध्यानात घेतले, की अल्टरनेटर किती अँपिअरचा घ्यावा, किती तारा जोडाव्यात आणि त्या किती जाड असाव्यात, हे त्यातूनच ठरत जाते.

हिशेब करून पाहू. रात्रीची वेळ, थंडी, आणि चौकात लाल सिग्नल. हेडलाइट डिपरवर असले तर दोन्ही मिळून ८० ते १०० वॉट, म्हणजे ७-८ अँपिअर खातात. टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे यांचे दोनेक अँपिअर. पाय ब्रेकवर आहे, म्हणून मागच्या ब्रेकलाइटचे चारेक. हीटरच्या पंख्याचे पाच, इग्निशनचे तीन. बेरीज २० अँपिअरच्या पुढे जाते, आणि यात वायपर धरलेला नाही. या ट्रकांवरच्या डायनामोचे रेटिंग साधारण २५ ते ३५ अँपिअर, म्हणजे कागदावर तो पुरून उरतो. पण ते रेटिंग ट्रक चांगल्या वेगात असतानाचे. सिग्नलला उभे असताना हे सगळे ओझे एकट्या बॅटरीवर पडते. गर्दीच्या प्रवासात असे तुकड्या-तुकड्यांनी पंधरा मिनिटे जरी थांबावे लागले, तरी बॅटरीतून ५ अँपिअर-तास निघून गेलेले असतात. पुढे रस्ता मोकळा मिळाला की ३० अँपिअरचा डायनामो चालू लोड भागवून उरलेले बारा-तेरा अँपिअर बॅटरीला देऊ शकतो. बॅटरीत घातलेली सगळी वीज परत मिळत नाही, तीही तूट धरली, तर पंधरा मिनिटांचा खड्डा भरायला अर्धा तास अखंड पळावे लागते. शहरात हा अर्धा तास मिळणार कुठून? म्हणून असे ट्रक रोज थोडे थोडे कर्जात जातात, आणि एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो. मालक बॅटरीला दोष देतो, नवी आणतो, आणि पुन्हा त्याच जागी येतो.

डायनामो उभ्या ट्रकात का थंडावतो, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. त्याच्या पत्र्याच्या नळकांड्याला आतून फील्ड कॉइल बसवलेले असतात. ते जागचे हलत नाहीत. फिरते ते आर्मेचर, आणि खरी वीज त्याच्यात तयार होते. फिरणाऱ्या आर्मेचरातून ती बाहेर काढायची तर कॉम्युटेटर लागतो: तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, पट्टी-पट्टीमध्ये अभ्रक, आणि त्यावर घासणारे कार्बन. आर्मेचरात वीज उलटसुलट दिशेने वाहते; कॉम्युटेटर तिला एका दिशेची करून देतो. बॅटरीला एकाच दिशेची वीज चालते, त्यामुळे त्या काळात दुसरा सोयीचा मार्गच नव्हता. पण याची किंमत अशी, की दिव्यांना आणि बॅटरीला जाणारा सगळाच्या सगळा प्रवाह त्या दोन कार्बनांतून जातो. आर्मेचर फार जोरात फिरवले तर ठिणग्या वाढतात, पट्ट्या आणि गुंडाळलेल्या तारा केंद्रापासून बाहेर फेकल्या जाऊ पाहतात, तापलेले डाख सुटतात. म्हणून इंजिन कमाल वेगात असतानाही आर्मेचर धोक्याच्या हद्दीत जाणार नाही अशा बेताने पुलीचे माप ठरवावे लागे. डायनामो क्रँकशाफ्टच्या फार तर दुप्पट वेगाने फिरतो असे धरले, तर ५०० आरपीएमच्या आयडलला त्याच्या वाट्याला १००० येतात. एवढ्यात त्याचा व्होल्टेज बॅटरीच्या वर चढत नाही. मग रेग्युलेटरच्या डबीतला कटाऊट आपले काँटॅक्ट सोडून देतो, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी होईल. डॅशबोर्डवर अॅमीटरचा काटा असेल तर तो डिस्चार्जकडे झुकतो, दिवा असेल तर लाल पेटतो. हा बिघाड नाही. नवा कोरा डायनामोही असाच वागतो. पुली बारीक करून आयडल सुधारता येते, पण मग हायवेवर आर्मेचर जाते.

अल्टरनेटरने ही अडचण मुळातून सोडवली, कारण त्यात भूमिकांची अदलाबदल आहे. वीज तयार होते ती स्थिर स्टेटरच्या तीन फेजच्या गुंडाळीत, आणि फिरतो तो फील्ड कॉइल. कार्बन इथेही आहेत, पण ते दोन सलग गुळगुळीत रिंगांवर चालतात आणि त्यांच्यातून जातो फक्त फील्डचा तीन-चार अँपिअरचा प्रवाह. जड प्रवाह थेट जागच्या तारांतून निघतो. रोटर घट्ट, आटोपशीर असतो. डायनामोला झेपणार नाहीत असे वेग तो सहज सोसतो. त्यामुळे पुली लहान बसवता येते, आयडललाच तो क्रँकशाफ्टच्या जवळपास तिप्पट वेगाने फिरतो, आणि ट्रक उभा असताना रेटिंगच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज देतो. ही कल्पना पूर्वीपासून ठाऊक होती. अडले होते ते उलटसुलट विजेला एका दिशेची करण्यापाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोलिसांच्या गाड्या आणि बस यांवर लीस-नेव्हिल कंपनीचे अल्टरनेटर दिसू लागले, पण त्यांना सेलेनियमचा भलामोठा रेक्टिफायर वेगळा लावावा लागे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर तेच काम बोटाच्या पेराएवढे सहा तुकडे करू लागले, आणि क्रायस्लरने १९६० सालच्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर बसवला. डायोड वीज उलटी जाऊ देत नाहीत, म्हणून कटाऊटची गरज संपली. स्टेटरच्या गुंडाळीचा स्वभावच असा, की ठरावीक मर्यादेपुढे प्रवाह आपोआप चढत नाही, म्हणून करंट रेग्युलेटरही गेला. तीन कॉइलच्या जुन्या डबीतला फक्त व्होल्टेज रेग्युलेटर उरला आणि पुढे तोही अल्टरनेटरच्या पोटात गेला. डेल्को-रेमीचा १० एसआय हा असाच अल्टरनेटर. १९७०च्या दशकात आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्सच्या असंख्य गाड्यांवर तो होता, आणि जुन्या शेव्हरोलेसाठी आजही पहिली निवड तोच ठरतो.

पहिला आक्षेप साधा आणि वजनदार आहे: हेच ट्रक वर्षानुवर्षे डायनामोवर चालले, मग आजच काय बिघडले? यात तथ्य आहे. शेतावरून गावात आणि गावातून शेतावर, दिवसाउजेडी, ताशी ४०-५० मैलांनी जाणाऱ्या ट्रकाला डायनामो पुरत होता आणि आजही पुरेल. ज्याचा ट्रक असाच चालतो, त्याने तो बदलू नये. कार्बन आणि बुश तपासावेत, तेलाच्या वाट्यांत वेळच्या वेळी चार थेंब सोडावेत, एवढे बस्स. बदलली आहे ती वापराची तऱ्हा. सिग्नल वाढले, थांबणे वाढले, आणि मागून येणाऱ्या वेगवान गाड्यांना हा जुना ट्रक लांबूनच दिसणे पूर्वीपेक्षा गरजेचे झाले. आयडलवर मंद होणारा टेललाइट ही सुरक्षिततेची बाब आहे. त्यातच हॅलोजन दिवे, रेडिएटरसमोरचा विजेवरचा पंखा अशी भर पडली, तर उभ्या ट्रकाचा खड्डा आणखी खोल जातो, आणि पंखा तर नेमका उभ्या ट्रकातच सगळ्यात जास्त चालतो.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात प्रामाणिक आहे. डायनामो उघडून कार्बन बदलता येतात, कॉम्युटेटर पॉलिश पेपरने साफ करता येतो, रेग्युलेटरचे काँटॅक्ट घासता येतात, आणि हे सगळे रस्त्याच्या कडेला होते. अल्टरनेटरचा डायोड गेला तर रस्त्याच्या कडेला करण्यासारखे फारसे काही नसते. दुसरे असे, की डायनामोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते; बॅटरी अगदी मेलेली असली तरी ट्रक उतारावरून ढकलून चालू केला, तर तो स्वतःच्या बळावर उठू शकतो. अल्टरनेटरच्या फील्डला सुरुवातीला बॅटरीकडून वीज लागते, ती नसेल तर तो बहुधा झोपूनच राहतो. हे दोन्ही मुद्दे मान्य करायला हवेत. पण मेलेल्या बॅटरीवर तोडगा म्हणून डायनामो जपायचा, आणि बॅटरी मरते ती मुख्यतः त्याच डायनामोमुळे, हा युक्तिवाद स्वतःभोवती फिरतो. दुरुस्तीच्या बाबतीत काळच उलटला आहे. चांगला आर्मेचर भरून देणारा कारागीर आता शोधावा लागतो. १० एसआयचे डायोड, कार्बन, रेग्युलेटर हे सुटे भाग मात्र सहज मिळतात आणि एकेक करून बदलता येतात. ज्याला लांब जायचे आहे त्याने एक सुटा रेग्युलेटर डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. जुनी एक सवय मात्र कायमची सोडावी लागते. चार्जिंग होते का हे पाहायला चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल उपसण्याची पद्धत आपल्या गॅरेजांतही होती. डायनामोने ते बऱ्याचदा सोसले. अल्टरनेटरचा आधार असा अचानक काढला तर व्होल्टेज क्षणात उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो.

तिसरा आक्षेप आगीचा: तीस अँपिअरसाठी घातलेल्या तारांवर साठ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तर वायरिंग पेटणार नाही का? याला सरसकट ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. अल्टरनेटर वीज ढकलत नाही, लोड ती ओढतो. दिवे तेच असतील तर साठ अँपिअरच्या अल्टरनेटरमधूनही तेवढेच वीस अँपिअर वाहतील. पण लोडमध्ये बॅटरीही आली, आणि उतरलेली बॅटरी मिळेल तेवढे ओढते. डायनामोचा करंट रेग्युलेटर तिला आवरत होता; अल्टरनेटर आपल्या क्षमतेपर्यंत देत राहतो. आता जुनी १० गेजची तार घेऊ. तिचा रोध मीटरला सुमारे ३.३ मिलिओहम, म्हणजे दोन मीटरला साडेसहाच्या आसपास. २५ अँपिअरला तीत सुमारे ४ वॉट उष्णता होते. ५० अँपिअरला तब्बल १६, कारण प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. नवी तार हे सोसेल. सत्तर वर्षे ऊन, ऑइल आणि धूळ खाल्लेली, कापडी वेष्टनाची, जोडांवर हिरवट पडलेली तार कदाचित सोसणार नाही. सगळ्यात कच्चा दुवा जुना अॅमीटर. ज्या ट्रकात तो आहे, त्यात बॅटरीकडे जाणारा प्रवाह इंजिनाच्या खोलीतून डॅशबोर्डमागे जाऊन अॅमीटरच्या दोन खिळ्यांमधून परत येतो. ते खिळे ढिले असतील तर आग लागेल ती ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर.

इथेच सुरुवातीचे कारण कामी येते. आपल्याला जास्तीत जास्त वीज हवी असती तर शंभर-सव्वाशे अँपिअरचा अल्टरनेटर घ्यावा लागला असता, आणि बाजारात तो मिळतोही. पण आपल्याला उभ्या ट्रकात वीसेक अँपिअर हवे आहेत, आणि ते १० एसआयचा ६३ अँपिअरचा साधा प्रकार देतो. त्यापुढचा आकडा बिनकामाचा. हा अल्टरनेटर घेऊन त्याच्या जाड खिळ्यापासून बॅटरीपर्यंत किंवा सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत ८ गेजची स्वतंत्र तार टाकावी. अमेरिकन गेजमध्ये आकडा उतरला की तार जाड होते, हे खरेदी करताना लक्षात असू द्यावे. तिच्यात फ्यूजिबल लिंक घालावी: मूळ तारेपेक्षा चार आकड्यांनी बारीक तारेचा वीतभर तुकडा, जो शॉर्ट झाला तर आधी स्वतः वितळतो. यामुळे बॅटरी भरण्याचा जड प्रवाह डॅशबोर्डमागून जातच नाही. अॅमीटरचा काटा मग पूर्वीसारखा बोलत नाही, ही किंमत खरी. मी ती आनंदाने देईन आणि खाली एक छोटा व्होल्टमीटर बसवेन, कारण बॅटरीची तब्येत तोच जास्त खरी सांगतो.

किती तारा जोडाव्यात यावरही वाद आहे. एकाच तारेवर चालणारे अल्टरनेटर मिळतात आणि बसवायला सोपे म्हणून खपतात. माझा कौल त्यांच्या विरोधात आहे. ते आपले फील्ड स्वतःच जागे करतात, आणि त्यासाठी इंजिन एकदा चांगले रेस करावे लागते. तोवर आयडलवर ते डायनामोसारखेच गप्प. ज्या दोषासाठी सगळा खटाटोप केला, तोच दोष दारातून पुन्हा आत येतो. शिवाय ते व्होल्टेज मोजतात ते स्वतःच्या खिळ्यापाशी. दिव्यांपर्यंत पोहोचताना वाटेत काय गळाले, ते त्यांना कळत नाही. १० एसआयच्या मूळ रचनेत जाड खिळ्याशिवाय दोन लहान टर्मिनल असतात. २ क्रमांकाचे टर्मिनल वायरिंगच्या मुख्य जोडापाशी न्यावे. मग रेग्युलेटर तिथला व्होल्टेज पाहून गळती भरून काढतो. १ क्रमांकाच्या टर्मिनलला डॅशबोर्डच्या लाल दिव्यातून आलेली तार जोडावी. चावी फिरवताच त्या दिव्यातून थोडी वीज फील्डला जाते, अल्टरनेटर पहिल्या फेऱ्यांतच उठतो आणि दिवा विझतो. ज्या ट्रकात दिवा आधीपासून आहे, तिथे डायनामोच्या दिव्याची जुनी तारच या कामी येते. मात्र दिवा किंवा त्याऐवजी डायोड न घालता ती तार सरळ इग्निशनला जोडली, तर चावी बंद केल्यावरही अल्टरनेटरकडून उलटी वीज इग्निशनला मिळत राहते आणि इंजिन बंदच होत नाही. हा घोटाळा इतका नेहमीचा आहे, की बदल केल्यानंतर पहिली चाचणी चावी बंद करून पाहण्याची असावी.

उरतो मूळ रूपाचा प्रश्न. जुना ट्रक हा इतिहासाचा पुरावा आहे आणि त्यात मनमानी करू नये, हे मत मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच माझी अट आहे, की या कामात काहीही कापले जाऊ नये. डायनामो लांबुळका, त्याचे ब्रॅकेट रुंद, अल्टरनेटर आखूड. त्यामुळे ब्रॅकेट कापण्याचा मोह होतो, पण योग्य लांबीची नळी स्पेसर म्हणून घातली आणि पट्टा तिन्ही पुल्यांवर सरळ रेषेत बसवला की काम होते. जुन्या इंजिनाचा पट्टा रुंद असेल, तर अल्टरनेटरला तशीच रुंद खाचेची पुली चढवावी. रेग्युलेटरची डबी फायरवॉलवर जागच्या जागी राहू द्यावी. तिच्या आतले कॉइल तारांपासून अलग करून तिचे टर्मिनल जोड म्हणून वापरता येतात. फील्डची तार आता निकामी, तिचे टोक टेपने बंद करून गुंडाळून ठेवावे. उतरवलेला डायनामो ब्रॅकेटसकट कोरड्या जागी जपावा. ट्रक प्रदर्शनात परीक्षकांपुढे न्यायचा असेल, तर सकाळच्या कामात सगळे पूर्ववत होते. डायनामोच्या नळकांड्यात लपवलेला अल्टरनेटरही मिळतो. तो महाग पडतो, पण ज्याला बॉनेट उघडल्यावर जुनेच दृश्य हवे आहे, त्याच्यासाठी ती योग्य वाट आहे.

हे सगळे १२ व्होल्टच्या ट्रकाचे झाले. १९५५च्या मार्चपूर्वीचे शेव्हरोले ट्रक ६ व्होल्टचे, आणि फोर्डचे ट्रक तर त्या मॉडेल वर्षापर्यंत ६ व्होल्टचे असून पॉझिटिव्ह अर्थचे, म्हणजे बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले. ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांतही पॉझिटिव्ह अर्थ सर्रास होता. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळलेले डॉज आणि फार्गो ट्रक, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड, असे काही आपल्याकडे अजून कुणी जपून ठेवले असेल, तर तारेला हात लावण्याआधी अर्थ कोणत्या टोकाला आहे हे मीटर लावून पाहावे. नेहमीचे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात, आणि उलटी बॅटरी जोडताच सहाही डायोड तिला शॉर्ट करतात. क्षणभराची चूक पुरते. ६ व्होल्टच्या ट्रकाबाबत माझा सल्ला वेगळा आहे: सेल्फ हळू फिरतो म्हणून १२ व्होल्टवर जाण्याआधी तारा बघा. तेवढ्याच वॉटसाठी ६ व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून कारखान्याने जाड केबल घातलेली असते. मध्ये कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल आणून टाकलेली सापडते, किंवा इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थची पट्टी गंजलेली असते. ती बदलून, जोड चकचकीत घासूनही सेल्फ आळसावलेलाच राहिला, तर पुढचा विचार करावा. ६ व्होल्टचे अल्टरनेटरही मिळतात. उभ्या ट्रकाचा प्रश्न ते सगळे दिवे, कॉइल आणि हीटरची मोटर न बदलता सोडवतात.

काम जमले की नाही हे पाहायला मल्टिमीटर पुरतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलला आणावे, हेडलाइट, हीटरचा पंखा आणि ब्रेकलाइट चालू करावेत आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावा. तो १३.५च्या वर टिकला तर ट्रक उभा असतानाही बॅटरी भरते आहे. त्याच वेळी मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या खिळ्यावर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवावे, फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर तार बारीक पडते आहे किंवा कुठला तरी जोड ढिला आहे, आणि तो जोड हाताला गरम लागतो.